जीपच्या पुढच्या ॲक्सलमधून तेल गळते? पावसाआधी पाहा!

काजूचा हंगाम उरकत आला, की आपल्याकडे कामांची एकच घाई उडते. कौले परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, शेणखत शेतात टाकायचे, बियाण्याची तजवीज करायची. या धांदलीत एक काम दरवर्षी मागे पडते. ते म्हणजे दारातील जुन्या जीपची तपासणी. जीप चालू होते, शेतात जाते, रविवारी मिस्सेला सगळ्यांना नेऊन आणते. मग तिला काय झाले आहे, असे आपण म्हणतो. पण पुढच्या चाकाखाली जमिनीवर एक काळा डाग रोज थोडा थोडा वाढत असतो. तो डाग काय सांगतो, याविषयी या वेळी चार गोष्टी लिहायच्या असे आम्ही ठरविले आहे.

आमचीच चूक

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आमची स्वतःची चूक सांगणे बरे. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या जीपच्या डाव्या पुढच्या चाकामागून तेल ठिबकू लागले. आम्ही काय केले? अंगण खराब होऊ नये म्हणून खाली पत्र्याचा एक डबा ठेवला! "जुनी गाडी आहे, थोडे गळायचेच," असे म्हणून तीन महिने काढले.

जुलै महिन्यात शेजारच्या आजींना ताप चढला. पाऊस धो धो कोसळत होता. कणकुंबीकडून जांबोटीमार्गे बेळगावला इस्पितळात न्यायचे म्हणून आम्ही जीप काढली. मागे आजी, त्यांची सून आणि लहान नातू. एका उतारावर रस्त्यात गुरे आली म्हणून ब्रेक दाबला, तो जीपने सरळ उजवीकडे तोंड फिरविले. रस्ता ओलांडून ती पलीकडच्या चरात जाऊन थांबली. समोरून त्या वेळी गाडी आली नाही, ही देवाची कृपा. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण आजींना दुसऱ्या गाडीत बसवून पाठवावे लागले, आणि त्या मुलाचे रडणे आमच्या कानांतून अजून गेलेले नाही.

दुसऱ्या दिवशी डाव्या चाकाचा ड्रम उघडला. आतले ब्रेक लायनर तेलात भिजून काळे झाले होते. डावा ब्रेक धरत नव्हता, उजवा धरत होता. म्हणून गाडी उजवीकडे ओढली गेली. तीन महिने डब्यात पडणारे तेल आम्ही पाहत होतो. ड्रममध्ये शिरणारे तेल मात्र आम्हांला दिसत नव्हते. गळती ही केवळ तेलाची नासाडी नव्हे, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो.

चाकामागचा गोळा म्हणजे काय?

भारतात विलीज जीपची जुळणी महिंद्रा कंपनीने १९४७ पासून सुरू केली. पुढे सीजे ३बी आणि तिच्या वंशातल्या चारही चाके ओढणाऱ्या जीपा आपल्या डोंगराळ भागात घरोघर आल्या. यांतल्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा पुढचा ॲक्सल बंद गोळ्याचा असतो. पुढच्या चाकामागे वाकून पाहिले, तर नारळाएवढा गुळगुळीत लोखंडी गोळा दिसतो. या सगळ्या भागाला गॅरेजात नकल म्हणतात. गोळा न दिसता उघडा क्रॉस जॉइंट दिसला, तर ॲक्सल उघड्या प्रकारचा समजावा. आणि पुढे नुसती आडवी दांडी असली, तर ती जीप मागच्या दोनच चाकांवर चालणारी. त्या दोन्ही प्रकारांना पुढचे सगळे लागू पडणार नाही.

पुढच्या चाकाला दोन कामे एकदम करावी लागतात. इंजिनची ताकद घेऊन फिरायचे आणि स्टिअरिंगप्रमाणे वळायचेही. म्हणून ॲक्सलची आतली दांडी अखंड नसते. चाकाजवळ तिला सांधा असतो. माणसाच्या मनगटासारखे हे समजावे. हा सांधा गोळ्याच्या पोकळीत तेलात फिरतो. गोळ्यावरून एक वाटी मागे-पुढे सरकते आणि तिच्याबरोबर चाक वळते. वाटीला वर एक आणि खाली एक अशा दोन किंग पिना असतात. त्यांना बेअरिंगे असून त्यांचा ताण पत्र्याच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमांनी, जुळविलेला असतो.

आता हे तेल अडविणारी दारे किती, ते पाहू. पहिले दार म्हणजे वाटीच्या मागच्या कडेला बसविलेले मोठे गोल सील. त्यात रबर आणि नमदा असतो आणि ते आठ बोल्टांनी आवळलेले असते. दुसरे दार ॲक्सलच्या नळीच्या आत, दांडीभोवती. डिफरन्शियलचे तेल गोळ्यात येऊ नये म्हणून हे सील असते. तिसरे दार चाकाच्या हबमध्ये. तेल किंवा ग्रीस ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊ नये म्हणून. यांतले कोणते दार मोडले आहे हे ओळखले, की अर्धे काम झाले.

आपल्याकडे काहींजवळ जिप्सी आहे. ती १९८५ मध्ये बाजारात आली. तिच्याही पुढच्या चाकामागे असाच गोळा असतो, पण आतल्या सांध्याला तेल नव्हे, ग्रीस भरतात. त्या गोळ्यातून पातळ, काळसर रबडी गळू लागली, तर समजावे की आतले सील गेले आहे. डिफरन्शियलचे तेल गोळ्यात शिरून ग्रीस पातळ करते आहे.

गळती नेमकी कोठून?

गॅरेजात जाऊन "तेल गळते, सील बदला" एवढेच सांगू नये. मिस्त्री बाहेरचे सील बदलतो, बिल देतो, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आधी घरीच शोध घ्यावा.

गोळा, वाटी आणि चाकाची मागची बाजू रॉकेल व ब्रशने स्वच्छ धुवावी. सुकल्यावर सगळीकडे अंगाला लावायची पावडर किंवा रांगोळीची बारीक पूड भुरभुरावी. मग पाच-सहा किलोमीटर गाडी फिरवून आणावी. जेथून तेल निघते तेथे पूड ओली होऊन काळी पडते. वाऱ्याने तेल मागे पसरते, म्हणून सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओल शोधावी.

गोळ्याच्या पाठीवर सगळीकडे तेल आणि खालच्या बाजूला थेंब, असे दिसले तर बाहेरचे मोठे सील. फक्त खालच्या किंग पिनेच्या झाकणाभोवती ओल असली, तर झाकण सैल आहे किंवा त्याचे बूड नीट बसलेले नाही. चाकाच्या आतल्या बाजूने, ब्रेकच्या पत्र्याच्या खालून थेंब पडत असले, तर मात्र गाडी त्याच दिवशी उभी करावी. तेल ड्रममध्ये शिरले आहे.

ड्रमखालचा थेंब गिअरच्या तेलाचा की ब्रेकच्या तेलाचा, हेही पाहावे लागते. वाटीभर पाण्यात त्याचे दोन थेंब टाकावेत. गिअरचे तेल वर तरंगते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. ब्रेकचे नेहमीचे तेल पाण्यात मिसळून जाते. मिसळले तर दोष सीलचा नाही, चाकातील ब्रेक सिलिंडरचा आहे. आणि तो अधिक तातडीचा आहे.

आता दोन्ही बुचे काढून पातळी पाहावी. एक बूच डिफरन्शियलचे, दुसरे नकलचे. नकलची पातळी कमी आणि डिफरन्शियलची बरोबर असेल, तर तेल बाहेरच्या सीलमधून जाते आहे. पण डिफरन्शियलचे तेल कमी होत चालले आणि नकलचे बूच उघडताच भळकन तेल बाहेर आले, तर आतले सील फाटले आहे. अशा वेळी बाहेरचे सील कितीही नवे घातले, तरी टिकणार नाही. आमच्या जीपला नेमके हेच झाले होते. आतून आलेले तेल दांडीच्या कडेने हबमध्ये गेले, तेथल्या बेअरिंगचे ग्रीस त्याने पातळ केले आणि हबच्या सीलमधून ते ड्रममध्ये उतरले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. गोळ्यावर तेलाचा पातळ हात फिरविल्यासारखा थर असणे हा दोष नव्हे. तो गोळ्याला गंजापासून वाचवितो. चकाकी असावी, थेंब नसावा.

सील का जाते?

सील जुने होऊन कडक पडते, हे एक कारण झालेच. पण नवे सीलही लवकर जाते, त्याची कारणे वेगळी आहेत आणि ती आपल्याच हातची आहेत.

पहिले कारण, श्वास कोंडणे. गाडी चालली की ॲक्सल तापतो, आतली हवा फुगते. ती बाहेर पडावी म्हणून ॲक्सलच्या नळीवर एक लहानसा श्वासनळीचा नट असतो; त्याला ब्रीदर म्हणतात. तो चिखलाने बुजला, की कोंडलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर रेटते. आमच्या जीपच्या ब्रीदरमध्ये कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते! एका तारेने दोन मिनिटांत साफ होणारी वस्तू, आणि तिच्यापायी एवढा प्रकार घडला. मागच्या ॲक्सललाही असाच ब्रीदर असतो, तोही पाहावा.

दुसरे कारण, गंज. जीप चार महिने गोठ्यात उभी राहिली, की गोळ्याचा उघडा भाग गंजतो व त्याला खड्डे पडतात. मग चाक वळताना तो खरबरीत भाग सीलवरून किसणीसारखा फिरतो. जीप बराच काळ उभी ठेवायची असेल, तर गोळ्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा.

तिसरे कारण, किंग पिनेची सैल बेअरिंगे. वाटी गोळ्यावर मध्यावर राहत नाही, एका अंगाला कलते, आणि सील एका बाजूला दबते व दुसऱ्या बाजूला उघडे पडते. ही तपासणी सोपी आहे. चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवावे. हलले तर घरातल्या कोणाला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले, तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तरीही हलतच राहिले, तर किंग पिन. सैल किंग पिनेवर नवे सील घालणे म्हणजे फुटक्या घागरीला नवे झाकण करणे.

चौथे कारण, तेल जास्त भरणे. "गळतेच आहे, तर जरा जास्त टाक," ही आपली सवय. तेल बुचाच्या भोकापर्यंतच हवे. गाडी सपाट जागेवर उभी करून भरावे आणि जास्तीचे वाहून जाऊ द्यावे.

पाचवे कारण, पाणी. लांबून तापून आलेली जीप तशीच ओढ्यात घातली, तर ॲक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ओढ्याच्या काठी दहा मिनिटे थांबून मग जावे. नंतर तेल पाहावे. ते ताकासारखे पांढुरके झाले असेल, तर पाणी शिरले आहे. असे तेल ताबडतोब बदलावे. नाही तर बेअरिंगे गंजतात.

दुरुस्ती कशी करून घ्यावी?

यातले काय घरी करावे आणि काय मिस्त्रीवर सोपवावे, याची शीव आखून घ्यावी. धुणे, ब्रीदर साफ करणे, पातळी पाहणे, बाहेरचे सील बदलणे हे हाताला सवय असलेला शेतकरी करू शकतो. किंग पिन, आतले सील, हब आणि ब्रेक यांना मात्र जाणत्या मिस्त्रीचाच हात लागला पाहिजे. डाव्या-उजव्या चाकांना वळविणारा हात याच वाटीला जोडलेला असतो. तेथला एक बोल्ट सैल राहिला, तर स्टिअरिंग हातचे जाते.

गाडी उचलताना मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावाव्यात. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. मजबूत लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे ॲक्सलखाली द्यावेत. चिरे आणि विटा अजिबात वापरू नयेत. चिरा वरून भक्कम दिसतो, पण भार येताच फुटतो.

बाहेरचे सील बदलताना आठ बोल्ट काढले, की पट्टीचे दोन तुकडे सुटतात. रबर आणि नमदा कोणत्या क्रमाने निघतो ते नीट पाहून, निघतील तसे फळीवर मांडून ठेवावेत. गोळा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावा. बोट फिरविल्यावर नखाला खड्डा लागला, तर नुसते घासून भागणार नाही. अशा गोळ्यावर नवे सील फार दिवस टिकत नाही, हे समजूनच पैसे घालावेत. सील दोन अर्धुकांचे असेल, तर काम सोपे. अखंड नमदा असेल, तर त्याला वरच्या बाजूला तिरका छेद देऊन गोळ्यावर चढवितात. छेद सरळ नव्हे, तिरका. म्हणजे दोन्ही टोके एकमेकांवर बसतात. छेद वर ठेवायचा, कारण तेल खाली असते. नमदा घालण्याआधी तेलात चांगला भिजवावा. कोरडा घातला, तर तो गोळ्यावर घासून जळतो. बोल्ट एकेक पुरता न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत.

आतल्या सीलसाठी चाक, हब, ब्रेकचा पत्रा हे सगळे उतरवून ॲक्सलची दांडी सांध्यासकट बाहेर ओढावी लागते. एवढे उघडलेच आहे, तर त्याच वेळी काही गोष्टी पाहून घ्याव्यात: सांध्याचा क्रॉस खुळखुळतो का, दांडीवर सील जेथे फिरते तेथे खाच पडली आहे का, दांडीचा बुश झिजला आहे का. मजुरी एकदाच द्यावी लागते. दांडीवर खाच असेल, तर नव्या सीलचे ओठ त्याच खाचेत बसतात आणि गळती चालूच राहते.

किंग पिना उघडल्या, तर वरच्या शिमा वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या तारेत ओवून ठेवाव्यात. मिस्त्रीने त्या एका डबीत टाकल्या, तर तेथेच त्याला थांबवावे. बेअरिंगचा ताण सील घालण्याआधी पाहायचा असतो. सील घातल्यावर त्याचाच घास लागून खरा ताण कळत नाही. कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात आपल्या मॉडेलचा आकडा दिलेला असतो आणि तो साध्या ताणकाट्याने मोजता येतो. वाटी वरखाली हलता कामा नये, आणि वळताना कोठे अडखळताही कामा नये.

भिजलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा घालण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती कृपा करून मान्य करू नये. लायनरमध्ये मुरलेले तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येते. नवे लायनर घालावेत, आणि तेही दोन्ही पुढच्या चाकांना. एकाच चाकाला नवे घातले, तर गाडी पुन्हा एका अंगाला ओढते.

गोळ्यात तेल की ग्रीस?

हा वाद प्रत्येक गॅरेजात ऐकू येतो. घट्ट ग्रीस ठासून भरले की गळणे थांबते, हे खरे. पण ते गोळ्याच्या कडांना जाऊन चिकटते आणि तेथेच राहते. वरच्या किंग पिनेच्या बेअरिंगला आणि दांडीच्या बुशला ते पोहोचत नाही. गळती थांबलेली दिसते आणि आत कोरडे लोखंड झिजत राहते. ज्या जीपच्या पुस्तकात गिअरचे तेल सांगितले आहे, तेथे जाड गिअर तेलच घालावे. थोडी गळती राहिलीच आणि सील लगेच बदलणे शक्य नसेल, तर आपोआप वाहू शकणारे अर्धपातळ ग्रीस मिळते. चाकाच्या बेअरिंगचे घट्ट ग्रीस त्या जागी नको.

काही चलाख लोक जुनी गाडी विकताना डिफरन्शियलमध्ये लाकडाचा भुसा घालतात. आवाजही दबतो आणि गळतीही थांबते. जुनी जीप घेणाऱ्याने बूच उघडून, बोट घालून तेल पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. गोळ्याभोवती बाहेरून सुतळी गुंडाळणे, शिलाजितासारखा काळा लेप थापणे, हेही असलेच उपाय. चाक एकदा वळले की ते संपले.

आरोग्याच्या चार गोष्टी

हे पान शेतीबरोबर आरोग्याचेही आहे. म्हणून हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

तेलाने माखलेले हात पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नयेत. त्याने कातडीचे नैसर्गिक तेल निघून जाते, भेगा पडतात, आणि त्या भेगांतून घाण आत जाते. साबण आणि तांदळाचा कोंडा लावून चोळावे, मग पाण्याने धुऊन खोबरेल लावावे. तेलकट कपडे दिवसभर अंगावर राहिले, तर मांडीला व हातांना बारीक पुटकुळ्या येतात. काम संपताच कपडे बदलावेत.

ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या नळीनेही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याचे तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसतात आणि त्यापासून होणारे रोग कित्येक वर्षांनी डोके वर काढतात. ओल्या फडक्याने धूळ पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

काढलेले जुने तेल गुरांच्या खरजेला किंवा जखमेला लावण्याची चाल आपल्या खेड्यांत आहे. तेलात झिजलेल्या धातूचा अंश व इतर विषारी द्रव्ये असतात. गुरे ते चाटतात आणि ते पोटात जाते. खरजेचे औषध गुरांच्या दवाखान्यातून आणावे. हे तेल विहिरीजवळ, पाटात किंवा परसात ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून जुने तेल गोळा करणाऱ्याला किंवा गॅरेजात द्यावे. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो, शेजारीही पितो, ती नासविणे म्हणजे शेजाऱ्याशी वैर धरणेच होय.

वर्षाचा नेम

संत इसिदोर हे शेतकऱ्यांचे आश्रयदाते. १५ मे हा त्यांचा सणाचा दिवस. त्या सुमाराला नांगर, पंप, अवजारे यांची डागडुजी आपण करतोच. त्यातच जीपचा एक दिवस धरावा, म्हणजे विसर पडणार नाही.

१) दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर तारेने साफ करावेत.
२) डिफरन्शियल आणि दोन्ही नकल यांच्या तेलाची पातळी पाहावी.
३) पुढची चाके उचलून, वरखाली हलवून पाहावीत.
४) गोळे धुऊन खड्डे आणि गंज पाहावा.
५) चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, ते पाहावे.
६) मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबून गाडी एका अंगाला ओढते का, ते पाहावे.

पावसाळ्यात चिखलातून आल्यावर गोळ्यांवर पाणी मारावे आणि स्टिअरिंग दोन-चार वेळा पूर्ण डावी-उजवीकडे फिरवावे, म्हणजे सीलच्या ओठाशी अडकलेला चिखल निघून जातो. मोंतीच्या फेस्ताच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबरच्या आरंभी, तेल पांढुरके झाले नाही ना, ते पुन्हा एकदा पाहावे.

आपल्या वाड्यांत रात्रीबेरात्री कोणाला साप चावला, कोणी बाई अडली, कोणा म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, तर धावून जाते ती दारातली जुनी जीपच. दिव्यात तेल नसलेल्या त्या पाच कुमारींची गोष्ट आपण चर्चमध्ये पुष्कळदा ऐकली आहे. हाक येईल तेव्हा तयारी करायला वेळ नसतो. आज संध्याकाळी मिस्सेहून परतल्यावर जीपखाली एकदा वाकून पाहा. डाग दिसला, तर त्याखाली डबा ठेवू नका. आम्ही तेच केले होते.